कोशरी मुळात कुणाची

शुब्रा, कैरो
९ नोव्हेंबर १९८६

तहानीवन्सं यांस सलाम.

ऑक्टोबरात आईंची तार आली, ‘डोळ्यांना अचानक दिसेनासं झालंय, येते’, आणि तारेच्या पाठोपाठ त्याच आल्या. आल्या ते बरंच केलं. मोतीबिंदू काय, आज ना उद्या काढायचाच होता. पण डॉक्टर म्हणतात, रक्तातली साखर उतरल्याशिवाय मी डोळ्याला सुरी लावणार नाही. तोवर भात बंद, पाव बंद, मॅकरोनी बंद, बटाटा बंद. हे ऐकून आई त्यांना म्हणाल्या, “त्यापेक्षा श्वास बंद करायला सांग ना, बाबा.”

आमच्या इमारतीखाली बयूमीचं कोशरीचं दुकान आहे. दिवसभर चमचे बश्यांवर आपटत असतात आणि तळलेल्या कांद्याचा वास थेट आमच्या पलंगापर्यंत येतो. गुरुवारी आई म्हणाल्या, “एक घास आण गं. नुसता जिभेला.” मला दया आली. तिथेच चुकलं. मी बशी आणली, भात, मसूर, वर टोमॅटोचा रस्सा आणि तळलेला कांदा. त्यांना नीट दिसत नाही, म्हणून त्यांनी बोटांनी चाचपून पाहिली.

“हे काय लागलं हाताला?”

“मॅकरोनी, आई.”

“कोशरीत?”

कैरोची कोशरी त्यांना ठाऊक नाही असं नाही. पण भांडायचं ठरलं की माणसाला सगळंच नवीन वाटतं. वन्सं, त्या पायात सपाता अडकवून, बशी हातात धरून, कठडा चाचपत जिना उतरल्या आणि भर दुकानात उभ्या राहून म्हणाल्या, “कोशरीवाल्या, माझ्या भातात या नळ्या कोणी घातल्या?”

बयूमी आधी नम्रपणे बोलला. “हाज्जा, ही कोशरी माझ्या आजोबांनी शोधून काढलीय. सय्यिदा झैनबच्या गल्लीत, हातगाडीवर.”

“शोधून काढली? का, हरवली होती?”

लोक हसले. बयूमीच्या मिशा थरथरल्या. मग आई सुटल्याच. म्हणे, पहिल्या मोठ्या लढाईत त्यांचे वडील अलेक्झांड्रियाच्या बंदरावर होते. तिथे हिंदी शिपाई उतरायचे, तांदूळ आणि डाळ एकाच भांड्यात शिजवायचे, हळद घालायचे आणि तिला खिचडी म्हणायचे. कोशरी ती. अलेक्झांड्रियाची, पिवळी. “तुझ्या आजोबानं तिला टोमॅटोत बुडवून मारली!”

कोपऱ्यात जेवणारा एक ट्रामचा कंडक्टर म्हणाला, “मॅकरोनी इटलीची, टोमॅटो अमेरिकेचा, डाळ-तांदूळ हिंदुस्थानचे. मग आपलं काय?”

दुसरा म्हणाला, “कांदा. आणि ही आरडाओरड.”

तुमचे बंधू तेव्हा गच्चीत वर्तमानपत्र वाचत बसले होते. ते अजून तेच वाचताहेत.

काही तरी करा.

आपली,
इन्शिराह

---

अलेक्झांड्रिया
१७ नोव्हेंबर

प्रिय इन्शिराह,

पत्र वाचून माझं डोकं उठलं. माझ्या आईला तू बाजारचं खायला घालतेस? तुझ्या घरी चूल नाही? फोडलेली लाल मसूर धुऊन घ्यायची, तांदूळ, जिरं, हळद, बस्स. वर तळलेलं अंडं, बाजूला लोणचं. यात अवघड काय आहे? साखर असली म्हणून काय झालं, थोडीशी चालते. आईला वेळेवर आणि प्रेमाने वाढलं की तिची साखर वाढत नाही, हा माझा अनुभव आहे.

आणि हिंदी शिपाई कुठून आले? आईने मला लहानपणी स्वच्छ सांगितलं होतं, की नाईलच्या वरच्या मुलखातून आलेल्या एका दाईने तिच्या आजीला कोशरी शिकवली. तू नीट ऐकलं नसशील. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून बसून तुझे कान गेलेत.

माझ्या भावाला, वगदीला सांग, आईला खाली जाऊ देऊ नकोस. आणि त्या कोशरीवाल्याला सांग, हाज्जा दौलतशी बोलताना आवाज खाली ठेव. तिच्यापुढे आमचे वडीलसुद्धा खालच्या आवाजात बोलायचे, आणि ते तर बंदरावर भोंगा वाजवायचे.

मी आले असते, पण मकनसा सुरू झालंय. तुम्हा कैरोच्या लोकांना वादळ म्हणजे काय ते कळायचं नाही. नावच झाडूवरून पडलंय. समुद्र रस्त्यावर येऊन सगळं झाडून नेतोय. अशा हवेत आईला इकडे आणणं बरं नाही. तिच्या पुदिन्याला मी रोज पाणी घालते असं सांग. चावी माझ्याकडेच आहे.

तुझी,
तहानी

---

शुब्रा
५ डिसेंबर

वन्सं,

तुमचा अनुभव डॉक्टरांच्या कानावर घातला. ते नुसता चष्मा काढून पुसत बसले.

साखर उतरली नाही. चढलीय. मी घरात काकडी, पांढरं चीज, उकडलेला घेवडा, भाताशिवाय मुलूखियाची पातळ पालेभाजी, असा वैऱ्यालाही नको असा स्वयंपाक करते. त्या सगळं निमूट खातात. मला वाटलं, सुधारल्या. मग एक्स्चेंजमधून जरा लवकर सुटले तर काय पाहते? आई बयूमीच्या दुकानात खांबाजवळ बसल्यात, पुढ्यात मोठी बशी. रोजच येतात म्हणे!

मी म्हटलं, “आई, हे काय?”

“खोड काढायची तर चव घ्यायला नको? न चाखता बोलणारी बाई मी नव्हे.”

बयूमी तर खूश आहे. त्यांचं भांडण ऐकायला लोक लांबून येतात. एकदा आई आल्या नाहीत तर त्याने चौकशीला माणूस वर पाठवला. त्याने आता दारावर नवी पाटी लावलीय, ‘कोशरीचे मूळ घराणे’. आईंनी कुणाकडून तरी वाचून घेतली आणि भर गिऱ्हाइकांत म्हणाल्या, “मूळ घराण्याला मुळातच अक्कल नव्हती.”

एक्स्चेंजमध्ये सगळ्या मुली मला विचारतात, आज हाज्जा काय म्हणाल्या? मी अख्ख्या इजिप्तचे फोन जोडून देते, माझ्या घरी फोन नाही. आणि माझ्या घरची बातमी मात्र न जोडता सगळीकडे पोचते.

आता थट्टा पुरे. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर मोतीबिंदू काढूनही उपयोग नाही, साखर आतून डोळा खाते. मी दिवसभर कामावर. तुमचे बंधू संध्याकाळी येतात, आईंच्या हाताचं चुंबन घेतात आणि गच्चीत जातात. मी एकटी किती धावू? तुम्ही येऊन त्यांना घेऊन जा. निदान साखर उतरेपर्यंत. तुमचं ऐकतील. माझं कोण ऐकतंय?

इन्शिराह

---

अलेक्झांड्रिया
१४ डिसेंबर

इन्शिराह,

तुझ्या पत्राचा सूर मला आवडला नाही. आई म्हणजे काय पार्सल आहे, तू कंटाळलीस की परत पाठवायला? एकोणीस वर्षांपूर्वी तू या घरात आलीस तेव्हा तिने तुला स्वतःच्या बांगड्या घातल्या होत्या. माझ्याकडे बघूनसुद्धा तिने त्या तुला घातल्या. ते मी कधी काढलं का? नाही काढलं.

मला यायचं नाही असं नाही. पण कासिमचं वादळ अजून शमलं नाही, तोवर दुसरं येतंय. मुलांच्या परीक्षा आहेत. त्यांच्या बापाची, रिफ़अतची रात्रपाळी आहे. आईच्या घरात ओल आलीय, तिथे तिला आत्ता ठेवता येणार नाही. माझ्या घरी... माझ्या घरीही सध्या जमणार नाही.

आणखी एक. यापुढे मला पत्र रिफ़अतच्या नावे बंदराच्या कचेरीत पाठव. आमच्या गल्लीतला पोस्टमन बेभरवशाचा झालाय.

आईला माझा सलाम. तिला म्हणावं, कोशरीवर इतकं बोलू नकोस, घसा धरेल.

तहानी

---

शुब्रा
११ जानेवारी १९८७

वन्सं,

मकनसा झालं, कासिम झालं, आता म्हणे मोठं फैदा येतंय. तुमच्या वादळांना नावं आहेत तशीच तुमच्या सबबींनाही ठेवायला हवीत, म्हणजे लक्षात राहतील.

परवा डॉक्टरांनी आईंना पुन्हा परत पाठवलं. दुसऱ्या डोळ्यावरही पडदा येतोय. बस मिळेना, टॅक्सी मिळेना, मी त्यांना हाताला धरून चालवत आणलं. वाटेत एका खड्ड्याशी त्या अडखळल्या आणि मला म्हणाल्या, “तुम्हा कैरोवाल्यांना साधा रस्ताही सरळ करता येत नाही, कोशरी काय करणार!” मला हसावं की रडावं कळेना. घरी आले ती तुमच्यावर जाम संतापून.

म्हणून दुसऱ्या दिवशी एक्स्चेंजमध्ये, आमच्या मोठ्या बाई जेवायला गेल्यावर, मी जे करू नये ते केलं. तुमच्या मोहल्ल्याला, करमूझला, फोन लावला. तुमच्या इमारतीखालच्या वाण्याकडे फोन आहे, हे मला तुमच्या लग्नापासून माहीत आहे. म्हटलं, तहानीबाईंना वरून बोलवा. तो म्हणाला, “कोण तहानी? अहो बाई, जिना पडला की ऑक्टोबरात! इमारत रिकामी केली. ती मंडळी तर अन्फूशीला गेली, त्यांच्या आईच्या घरी.”

मी तोंडात मारल्यासारखी बसून राहिले. समोर बोर्डावर दिवे लुकलुकत होते, लोक फोन उचलत होते, मला ऐकूच येईना.

तुम्ही आईंच्या घरात राहताय, याबद्दल मला काही म्हणायचं नाही. राहा. पण मला का नाही सांगितलं? मी तुमची कोण? मी इथे तुम्हाला मुलगी तरी म्हणावं का, इतपत बोलून चुकलेय. तुमच्या बंधूंना, तेही गच्चीत जाऊन. आणि तुम्ही मला ओल सांगता, पोस्टमन सांगता!

आईंना मी अजून काही बोललेले नाही. तुम्हीच ठरवा.

इन्शिराह

---

अलेक्झांड्रिया
१८ जानेवारी

इन्शिराह,

वाण्याचा सत्यानाश होवो. त्याच्याकडून मी बारा वर्षं तेल घेतलं.

खरं आहे. दुपारी जिना पडला. देवाची कृपा, मुलं शाळेत होती. मी वर होते. अग्निशामकवाल्यांनी मला शिडीवरून उतरवलं, सगळ्या गल्लीदेखत, अंगात घरचा झगा. त्यानंतर मी त्या गल्लीत पाऊल ठेवलेलं नाही. तुझी पत्रंसुद्धा रिफ़अत तिथल्या पोस्टातून आणायचा.

दोन रात्री रिफ़अतच्या भावाकडे काढल्या. आईकडे जायचं कोणत्या तोंडाने? दोन खोल्या तिच्या. तीन पोरं माझी. आणि रिफ़अतशी लग्न करू नकोस म्हणून तिने जमीन-अस्मान एक केलं होतं, ते तुला माहीत आहे. ‘तो तुला धड छप्पर देणार नाही,’ हे तिचे शब्द. मी कशी जाऊ?

आणि त्याच आठवड्यात तिचे डोळे बिघडले, ती कैरोला निघाली, पुदिन्याला पाणी घाल म्हणून चावी माझ्या हातात ठेवून गेली. मला वाटलं, देवानेच सोय केली. एक महिनाभर राहू, तोवर घर मिळेल. घर मिळत नाही इन्शिराह. सरकारी यादीत नाव आहे, यादी हलत नाही.

तिला सांगू नकोस. तुझ्या पाया पडते. मी हे असं कुणाला लिहीत नाही, तुला माहीत आहे.

तहानी

---

शुब्रा
२५ जानेवारी

वन्सं,

तुमचं पत्र पर्समध्ये घालून मी घरी येत होते. मनाशी ठरवलं होतं, आईंना काही सांगायचं नाही. आई खाली दुकानातच होत्या. मी दारात थांबले आणि पहिल्यांदा त्यांना नीट पाहिलं. एरवी मी पोचते तीच ओरडत.

वन्सं, त्यांना ती कोशरी आवडत नव्हती. घास घ्यायच्या, तोंड वाकडं करायच्या, पाण्याच्या घोटाबरोबर ढकलायच्या. एरंडेल घेतात तशी. पण बशी संपवत होत्या.

मी समोर जाऊन बसले. “आई, घशाखाली उतरत नाही तर कशाला खाता?”

“तुला काय करायचंय?”

मी खूप रोखलं, पण तोंडातून निघून गेलं. “आई, तहानीवन्सं तुमच्या घरात राहतात.”

चमचा थांबलासुद्धा नाही. “मग कुठे राहील? पडक्या जिन्यावर?”

वन्सं, त्यांना सगळं माहीत आहे. पहिल्या दिवसापासून! त्या वाण्याची बायको त्याच संध्याकाळी त्यांच्याकडे गेली होती. आई म्हणाल्या, “तहानीला मी ओळखते. मी घरात असते तर ती आली नसती. पोरांना घेऊन थंडीत उभी राहिली असती, पण ‘आई, ठेव’ म्हणाली नसती. माझ्यावरच गेलीय. म्हणून म्हटलं, डोळे बिघडले. बिघडले होतेच. मी जरा जास्त बिघडवले.”

“आणि ही कोशरी?”

तेव्हा त्यांनी चमचा खाली ठेवला. मग म्हणाल्या, “साखर उतरली की डोळ्यांचं ऑपरेशन होणार. डोळे झाले की तू मला गाडीत बसवून देणार. मग तिने पोरं घेऊन कुठे जायचं?”

म्हणजे बघा! मी वरच्या मजल्यावर काकड्या चिरतेय आणि ही बाई खालच्या मजल्यावर एकेक घासाने आपले डोळे घालवतेय, आणि वर कोशरीच्या इतिहासावर भांडतेय!

मी म्हटलं, “मी तुम्हाला गाडीत बसवून देणार, असं कोण म्हणालं?”

“तूच. पत्र लिहिताना तू पुटपुटतेस. ‘घेऊन जा, घेऊन जा.’ दिसत नाही मला, ऐकू येतं.”

वन्सं, मग माझा तोल गेला. सगळं दुकान ऐकत होतं, बयूमीचा झारा हवेत तसाच. मी ओरडले, “मी तर तुमच्या मुलालाही रोज घराबाहेर काढते! एकोणीस वर्षं काढतेय! गेलाय का तो?”

आई माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणजे माझ्या आवाजाकडे. मग म्हणाल्या, “तो बहिरा आहे. मला वाटलं, तू खरं बोलतेस.”

मी त्यांच्यापुढची बशी उचलली. तेवढ्यात बयूमी आला आणि त्याने ती माझ्या हातातून ओढून घेतली. त्याचे डोळे भरले होते, पण ते आपल्यासाठी नव्हेत. म्हणाला, “हाज्जा, तीन महिने तुम्ही माझी कोशरी औषध म्हणून खाल्लीत? एकदाही आवडली नाही?”

“कांदा बरा असतो,” आई म्हणाल्या.

त्याने आपल्या माणसांना बजावलंय, डोळे होईपर्यंत हाज्जांना एक दाणा द्यायचा नाही. या गल्लीत आता त्यांना कुणी पावसुद्धा विकत नाही.

तुम्ही आता घर शोधत जीव टाकू नका. आई इथेच राहतील. तुमच्या बंधूंना मी गच्ची बंद करायला सांगितलीय, तिथे खिडकी बसवून आईंचा पलंग टाकणार आहोत. वर्तमानपत्र त्यांनी आता दुसरीकडे वाचावं.

मी अजून रागावलेय. तुमच्यावर, त्यांच्यावर, वाण्यावरसुद्धा. पण इकडे या.

इन्शिराह

---

अलेक्झांड्रिया
१ फेब्रुवारी

इन्शिराह,

पत्र मी बंदराच्या कचेरीतच, उभ्या उभ्या वाचलं. रिफ़अतचे साहेब मला खुर्ची द्यायला लागले. मी घेतली नाही.

तिच्या दाराला तिचीच चावी लावताना रोज मला चोरासारखं वाटायचं. भिंतीवरचं काही हलवलं नाही, तिच्या पलंगावर कुणाला झोपू दिलं नाही. आणि ती तिकडे सगळं जाणून नळ्या गिळत होती! मला तिचा इतका राग आलाय की मी रात्रभर तिच्याशी मनात भांडले. समोर नव्हती म्हणून एकदा तरी मीच जिंकले.

डोळ्याची तारीख कळव. मी येतेय. समुद्राचं काय होईल ते होवो.

तहानी

---

शुब्रा
२९ मार्च

वन्सं,

तुम्ही सुखरूप पोचलात, हे वगदींच्या नावे आलेल्या पत्रातून कळलं. माझ्या नावे दोन ओळी लिहिल्या असत्या तर हात मोडला नसता. असो. तुम्ही आई शुद्धीवर येईपर्यंत इस्पितळाच्या दारात त्या नर्सशी जे भांडलात, ते बघून मला पटलं की आईंनी तुमच्याबद्दल खरं तेच सांगितलं होतं.

दुसरा डोळाही नीट झाला. काल चष्मा आला. तुम्ही म्हणाल, इन्शिराह, आता सुटलीस. वन्सं, आता कुठे अडकले! त्यांना दिसत नव्हतं तेव्हा मी राणी होते. आता त्यांना पंख्यावरची धूळ दिसते, मोरीतला डाग दिसतो, वगदींच्या कॉलरची उसवण दिसते. काल पडद्यापुढे उभ्या राहून म्हणाल्या, “हा रंग तू निवडलास? डोळे उघडे ठेवून?”

मी त्यांना विचारलं, तुम्हाला सांगितली ती दाई खरी की मला सांगितले ते हिंदी शिपाई खरे? म्हणाल्या, “बयूमीने आजोबा काढला, म्हणून मी बाप काढला.”

“मग खरं काय?”

“माझ्या आईने केली, मी खाल्ली. त्याआधीचं बघायला मी होते कुठे?”

हे मी बयूमीला सांगणार नाही. तो अलीकडे हिंदी शिपायांबद्दल जरा आदराने बोलायला लागलाय.

आज मी कामावरून आले ती पाय ओढत. आईंनी दार उघडलं, नव्या चष्म्यातून मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मला वाटलं, आता माझी पाळी. त्या आणखी जवळ आल्या. मग म्हणाल्या, “तुझे केस पांढरे कधी झाले गं? मला कुणी सांगितलंच नाही.” आणि मला खांद्याला धरून खुर्चीत बसवलं. एकोणीस वर्षांत प्रथमच. “बस. हलू नकोस. आज मी करते.”

पिवळी कोशरी केली. त्यांच्यासाठी चार चमचे, बाकी आमच्यासाठी. वगदींनी वर्तमानपत्र खाली ठेवलं, तुम्ही विश्वास ठेवणार नाही.

मीठ फार झालं होतं, वन्सं. मी दोन बश्या खाल्ल्या.

तुमची,
इन्शिराह